चौथ्या पायरीची किणकिण

मागच्या महिन्यात एका शनिवारी दुपारी मी आईकडे गेले, घोडबंदर रोडला, तिच्या नव्या फ्लॅटवर, आणि बेल वाजवली. एवढंच केलं मी. आत काहीतरी पडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही, मग कडी काढल्याचा आवाज आणि दारात आई उभी, मनगटावर चहा सांडलेला, तो पदराने पुसतेय. "केवढ्यांदा वाजते गं ही मेली बेल," म्हणाली. फार भाजलं नव्हतं, चहा कोमट होता, मी तरी बर्फ लावला, फरशी पुसली, कपाचे तुकडे गोळा केले. तो कप बाबांचा होता, निळ्या काठाचा, त्याबद्दल ती काही बोलली नाही आणि मीही नाही. मग खिडकीशी बसल्यावर जरा वेळाने म्हणाली, "तिकडे कळायचं. कोण येतंय ते दार वाजायच्या आधीच कळायचं. इथे माणूस एकदम दारातच उगवतो."

संध्याकाळी ठाण्याहून ऐरोलीची गाडी पकडली, खिडकी मिळाली, खाडी ओलांडताना तो नेहमीचा चिखलाचा खारट वास आत आला आणि तरी आईचं ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण तिकडे कसं कळायचं ते मला माहीत होतं आणि इतकी वर्षं त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

चरईतलं आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. लाकडी जिना, कठडा हात लागून लागून गुळगुळीत झालेला, पावसाळ्यात त्या जिन्याला ओल्या लाकडाचा आणि कोणाच्यातरी स्टोव्हच्या रॉकेलचा मिळून एक वास यायचा, तो वास अजून कुठे आला तर मी थांबते. त्या जिन्याची वरून चौथी पायरी. तिच्यावर पाय पडला की आमच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीतल्या वाट्या वाजायच्या. मोठ्याने नाही, किण् एवढंच, एकावर एक ठेवलेल्या स्टीलच्या वाट्या एकमेकींना टेकल्या की होतो तेवढाच आवाज. पायरी दाराच्या बाहेर, मांडणी घराच्या पार दुसऱ्या टोकाला ओट्याच्या वर, मधे दोन खोल्या. पण आईला त्या एका किणकिणीत सगळं कळायचं. बाबा जड पावलाने यायचे आणि त्या पायरीवर क्षणभर थांबायचे, पिशवी या हातातून त्या हातात घ्यायला, म्हणून किण् आणि जरा वेळाने परत किण्. मी दोन दोन पायऱ्या घ्यायचे त्यामुळे मी आले की वाट्या एकदाच पण जोरात. दूधवाला हलका. पोस्टमन चौथ्या पायरीपर्यंत यायचाच नाही, खालूनच हाक मारायचा. बाबांची दुहेरी किणकिण झाली की आई चहाचं आधण ठेवायची आणि ते चपला काढून, पाय धुऊन, खांद्यावरचा टॉवेल दोरीवर टाकून येईपर्यंत चहा कपात असायचा. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्या घरात असंच असतं.

मी कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते, आणि आता जे सांगणार आहे त्याचा वरच्या सगळ्याशी संबंध आहे, थोडा धीर धरा.

टीवायच्या वर्गाला दरवर्षी अ‍ॅलोस्टेरी शिकवायची असते. प्रोटीनला एका जागी काहीतरी येऊन चिकटतं आणि तिथून लांब, पार दुसऱ्या बाजूला असलेल्या त्याच्या कामाच्या जागेचा स्वभाव बदलतो. चालू असलेलं एन्झाइम, म्हणजे पेशीतलं रासायनिक काम झटपट करून देणारं प्रोटीन, बंद पडतं, नाहीतर मंद असलेलं वेग घेतं. सोप्यात सोपं उदाहरण म्हणजे आयसोल्युसिन, एक अमिनो अ‍ॅसिड, प्रोटीनच्या साखळीतला एक मणी. बॅक्टेरिया थ्रिओनिन नावाच्या दुसऱ्या मण्यापासून आयसोल्युसिन बनवतो, पाच टप्प्यांत, आणि माल पुरेसा झाला की तेच आयसोल्युसिन मागे जाऊन पहिल्याच टप्प्याचं एन्झाइम थांबवतं. एडविन उम्बार्गर यांनी हे १९५६ साली दाखवलं. आता आयसोल्युसिन त्या एन्झाइमच्या नेहमीच्या कच्च्या मालासारखं दिसतही नाही, मग ते थांबवतं कसं? पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये जाँ-पियेर शांझो नावाचा तरुण विद्यार्थी याच्यावर काम करत होता, त्याला दिसलं की एन्झाइमला विशिष्ट तऱ्हेने इजा केली, म्हणजे नुसतं थोडं तापवलं तरीसुद्धा, त्याचं काम चालू राहतं पण आयसोल्युसिनचं ऐकणं बंद होतं. हात चालतायत, कान गेले. म्हणजे काम करायची जागा वेगळी आणि ऐकायची जागा वेगळी. त्याचे गुरू जाक मोनो १९६१ च्या अखेरीस एका रात्री उशिरा, दमलेले, प्रयोगशाळेत आले आणि आपल्या सहकारी आग्नेस उलमन यांना म्हणाले की जीवनाचं दुसरं रहस्य मला सापडलंय बहुतेक. उलमन यांनीच ती आठवण नंतर सांगितली. मला वर्गात हा प्रसंग सांगताना दरवर्षी अंगावर काटा येतो, मुलांना येतो की नाही माहीत नाही, पण माझा आवाज बदलतो एवढं त्यांना नक्की कळतं.

तर गेल्या वर्षी हे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, एरवी अजिबात न बोलणारी. म्हणाली, "मॅडम, पण हे सुरू कसं झालं? ऐकायची जागा आहे पण ती आतून कामाच्या जागेला जोडलेली नाही, तर तिचा काय उपयोग? आणि आतली जोडणी आहे पण ऐकायची जागाच नाही, तर त्या जोडणीचा काय उपयोग? मग आधी काय आलं?" मी म्हटलं, उत्क्रांतीत असं हळूहळू, थोडं थोडं करून होत जातं. ती हो म्हणून खाली बसली. तिचं समाधान झालं नव्हतं हे तिच्या बसण्यावरून कळत होतं आणि माझंही झालं नव्हतं, पण पोर्शन राहिला होता, मी पुढच्या स्लाइडवर गेले. एखाद्या मुलाने खरा प्रश्न विचारावा आणि आपण त्याच्या हातावर चार गुळगुळीत शब्द ठेवावेत याच्याइतकं वाईट शिकवणाऱ्याकडून काही होत नसावं. तो प्रश्न तेव्हापासून माझ्याकडे पडून होता.

त्या शनिवारी गाडीत आईचं वाक्य आणि त्या मुलीचा प्रश्न एकमेकांना टेकले.

हिमोग्लोबिनबद्दल थोडं सांगते, कारण या प्रश्नाचं मला मिळालेलं सगळ्यात सुंदर उत्तर तिथलंच आहे. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला चार साखळ्या असतात, दोन अल्फा, दोन बीटा, प्रत्येकीत हीम नावाची एक चपटी चकती, हीमच्या मधोमध लोखंडाचा एक अणू, तिथे ऑक्सिजन बसतो. पहिल्या ऑक्सिजनला बसायला कष्ट पडतात, पण तो बसला की दुसऱ्याला सोपं, तिसऱ्याला आणखी सोपं आणि चौथा तर पटकन. आपल्या लोकलमध्ये नेमकं उलटं, पहिले तिघं ऐसपैस आणि चौथ्या सीटवाला अर्धा हवेत. ख्रिश्चन बोर यांनी १९०४ साली याचा आलेख काढला तो सरळ चढत नाही, इंग्रजी एससारखा वळतो, आणि तो आलेख मी गेली वीस वर्षं फळ्यावर काढतेय. १९३८ मध्ये फेलिक्स हौरोविट्झ यांनी ऑक्सिजन नसलेल्या हिमोग्लोबिनचे षटकोनी पातळ स्फटिक मायक्रोस्कोपखाली ठेवले होते, काचेच्या कडेने हवा आत शिरली तसतशा त्या षटकोनी चकत्या विरघळत गेल्या आणि त्यांच्या जागी लालभडक सुया तयार झाल्या. ऑक्सिजन घेतला की हा रेणू आपला आकारच बदलतो. मॅक्स पेरुट्झ यांनी या एका रेणूच्या मागे आयुष्य घातलं, १९३७ ला सुरुवात केली, १९६२ ला नोबेल मिळालं आणि त्यानंतर आठ वर्षांनी त्यांनी तो आकार नेमका कसा बदलतो ते सांगितलं. ऑक्सिजन बसला की लोखंडाचा अणू हीमच्या पातळीत ओढला जातो, अगदी किंचित, पण त्याच्याशी बांधलेला साखळीचा भाग त्याच्याबरोबर ओढला जातो, मग पुढचा, असं करत करत एक अल्फा-बीटा जोडी दुसऱ्या जोडीच्या मानाने सुमारे १५ अंशांनी फिरते. लांबच्या तीन हीमना काहीही शिवलेलं नाही, तरी त्यांना कळतं.

पायरीवर पाय, मांडणीत किण्.

२०२१ च्या एप्रिलमध्ये हाच आलेख मी चरईतल्या घरात आईच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर बघत बसले होते. रात्रीचे अडीच, बाहेर सगळं चिडीचूप, मधूनच अँब्युलन्स. ९५. ९४. मग ९३. वर्गात शिकवताना मी सांगते की या वक्राचा माथा सपाट आहे, फुफ्फुसात ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या १०० मिलिमीटरच्या आसपास असताना हिमोग्लोबिन जवळजवळ भरलेलं असतं, दाब ६० पर्यंत उतरला तरी नव्वद टक्के भरलेलं असतं, निसर्गाने केवढी सोय करून ठेवलीय बघा. आणि त्या रात्री मला फक्त पुढचा भाग आठवत होता, नव्वदच्या खाली काय होतं तो, तिथून वक्र घसरगुंडीसारखा खाली येतो. शरीराच्या कामासाठी तो तसाच यायला हवा, त्या उतारामुळेच तर स्नायूंना ऑक्सिजन मिळतो. मला हे सगळं माहीत होतं आणि मी नुसती आकड्याकडे बघत होते. आई ९२ च्या खाली गेली नाही. पहाटे चौथी पायरी वाजली, दूधवाला होता, आणि आई डोळे न उघडताच म्हणाली, "पिशवी लावायची राहिली गं दाराला." तेव्हा मला कळलं की ती आता बरी होणार.

असो. उत्तराबद्दल सांगत होते.

शिकागो विद्यापीठात जोसेफ थॉर्नटन यांच्या प्रयोगशाळेत मेलेली प्रोटीनं परत उभी करतात. म्हणजे आज जिवंत असलेल्या कितीतरी प्राण्यांच्या ग्लोबिन साखळ्या शेजारी शेजारी मांडायच्या, कुठे कुठलं अमिनो अ‍ॅसिड आहे ते बघायचं, त्यांचा वंशवृक्ष काढायचा आणि वर वर जात पूर्वजाकडे काय असावं ते गणिताने काढायचं. आपल्याकडे घराण्याची वंशावळ काढताना नाकावरून आणि आडनावावरून पणजोबांचा अंदाज बांधतात त्यातलाच प्रकार, फक्त खूप जास्त काटेकोर. मग त्या पूर्वजाचा जीन प्रत्यक्ष बनवायचा, बॅक्टेरियात घालायचा, आणि ४० कोटी वर्षांपेक्षा जुनं प्रोटीन हातात. २०२० मध्ये अरविंद पिल्लई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमोग्लोबिनचं हे करून बघितलं आणि 'नेचर'मध्ये छापलं. सगळ्यात जुना पूर्वज एकटा होता, एकच साखळी. त्याच्या पुढचा जोडीने राहणारा, दोन सारख्या साखळ्या. या जोडीवाल्याला ऑक्सिजन घट्ट धरून ठेवता यायचा पण सोडायची वेळ आली की पंचाईत, आणि एकीला मिळालेला ऑक्सिजन दुसरीला कळायचा नाही. मग जीनची नक्कल झाली, अल्फा आणि बीटा वेगळ्या झाल्या, आणि पुढे चार साखळ्यांचं आजचं हिमोग्लोबिन आलं.

आता मला वाटायचं की जोडीपासून चौकडीपर्यंत यायला, आणि त्यात एकमेकांचं कळण्यापर्यंत यायला, शेकडो बारीक बारीक बदल लागले असतील. त्यांनी त्या काळातले फक्त दोन बदल घेतले, साखळीच्या पृष्ठभागावरचे दोन, आणि जुन्या पूर्वजात घातले. दोनच. जोड्या एकमेकींना चिकटल्या, चौकडी झाली. आणि चौकडी झाल्याबरोबर ऑक्सिजनवरची पकड सैल झाली, आणि एकीचं दुसरीला कळायलाही लागलं, आजच्याइतकं नसेल पण लागलं. त्यांनी तर ते 'कळणं' त्यात घातलंच नव्हतं. मग आलं कुठून? तर ऑक्सिजन बसायची जागा आणि जिथे चौकडी जुळते तो पृष्ठभाग यांच्यामधला आतला दुवा आधीपासूनच होता. त्या जुन्या प्रोटीनच्या घडणीतच होता. ऑक्सिजन बसला की तो पृष्ठभाग आधीही किंचित हलत असणार, पण तिथे समोर कोणी नव्हतं, त्यामुळे त्या हलण्याचा कोणाला काही फरक पडत नव्हता.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आवडलं होतं, वर्गात सांगितलंही होतं. पण त्या शनिवारी ऐरोली स्टेशनच्या बाहेर येता येता ते पहिल्यांदा समजलं. घरी पोचल्या पोचल्या आईला फोन लावला. "आई, ती मांडणी पहिल्यापासून तिथेच होती का गं, ओट्याच्या वर?" ती म्हणाली, नाही, आधी मोरीच्या बाजूच्या भिंतीला होती. माझा जन्म झाल्यावर एक-दोन वर्षांनी पावसात त्या भिंतीतून पाणी झिरपायला लागलं, डब्यांना खालून गंज चढला, म्हणून बाबांनी आणि खालच्या मजल्यावरच्या तात्यांनी मिळून मांडणी ओट्याच्या वर हलवली, दोन मोठे खिळे नवीन आणून. "मग आधी वाजायच्या का वाट्या?" आई थोडा वेळ गप्प. "नाही गं. मोरीजवळ होती तेव्हा कुठल्या वाजायला. इकडे आणली तेव्हापासून वाजायला लागली. पहिले काही दिवस मला उंदीरच वाटला." ती हसली. "मी ती काय त्यासाठी थोडीच लावून घेतली होती, गळतीसाठी हलवली."

जिन्याखालून एक तुळई आत यायची, ती ओट्यामागच्या भिंतीत शिरायची. चाळ बांधली तेव्हापासून. म्हणजे चौथ्या पायरीवर पाय पडला की ती भिंत हलत होतीच, आम्ही तिथे राहायला जायच्याही आधीपासून, कित्येक वर्षं, रोज, कोणाला न कळता. मग गळतीमुळे मांडणी तिथे आली, आणि मग कधीतरी आईच्या लक्षात आलं की आधी किण् होतं आणि मग हे येतात.

त्या मुलीच्या प्रश्नाला हे उत्तर मी तेव्हा द्यायला हवं होतं. दुवा आधी. तो कशासाठीही नसतो. प्रोटीन म्हणजे काही दगड नाही, हजारो अणूंची गच्च घडी घातलेली वस्तू आहे आणि ती सतत थरथरत असते, त्यात एकीकडे दाबलं की दुसरीकडे काहीतरी सरकणारच, घट्ट भरलेल्या बोचक्याचा एक कोपरा ओढला की दुसरीकडून ओढणीचं टोक बाहेर येतं तसं. ऐकायची जागा नंतर, बहुतेक वेळा योगायोगाने, त्या आधीच हलणाऱ्या जागेवर येऊन बसते. अर्थात घरात ऐकायला आई होती, तिला अर्थ लावता येत होता. प्रोटीनच्या घरात अर्थ लावणारं कोणी नाही, तिथे ज्या जिवाला त्या हलण्याचा फायदा झाला तो टिकला आणि त्याच्या पोराबाळांत ते हलणं राहिलं, एवढंच. हा फरक मोठा आहे आणि तो मी विसरू इच्छित नाही.

मग मी पुढे वाचतच सुटले. २०१३ मधलं एक काम आहे, यीस्टवरचं, पावाचं असतं तेच यीस्ट. त्यात फस३ नावाचं एक एन्झाइम आहे आणि स्टे५ नावाचं दुसरं प्रोटीन येऊन त्याला चालना देतं. स्कॉट कॉयल, वेंडेल लिम वगैरेंनी काय केलं, फस३ चे जुने नातेवाईक घेतले, स्टे५ जगात यायच्या आधीच या घराण्यातून वेगळे झालेले, आणि त्यांच्यापुढे स्टे५ ठेवलं. त्यांतल्या काहींनी त्याचं ऐकलं! ज्याला कधी भेटलेले नाहीत, ज्याचा वंश त्यांच्या वाट्याला कधी आलाच नाही, त्याची हाक त्यांना कळली. आणि २००८ मध्ये राम रंगनाथन यांच्या गटाने तर ओट्सच्या झाडातला उजेड ओळखणारा एक तुकडा काढून बॅक्टेरियाच्या एका एन्झाइमच्या पृष्ठभागावर नेमक्या जागी जोडला, आणि त्या एन्झाइमचा वेग उजेडावर थोडासा का होईना अवलंबून राहायला लागला. परिणाम लहान होता. पण ज्या एन्झाइमने जन्मात उजेडाची दखल घेतली नव्हती त्याला पहिल्याच दिवशी थोडं का होईना कळावं, यासाठी त्याच्या आत वाट तयारच असायला हवी ना.

जॉन कुरियन आणि डेव्हिड आयझेनबर्ग यांनी २००७ साली एक कल्पना मांडली होती, ती वाचताना तर मला आमची गॅलरी दिसायला लागली. ते म्हणतात की दोन प्रोटीनं कुठल्याही कारणाने जवळ जवळ राहायला लागली, एकाच धाग्यात ओवली गेली किंवा पेशीच्या एकाच कोपऱ्यात आली, की त्यांच्यात अगदी दुबळा संबंधसुद्धा पुरेसा होतो. लांब असताना जो स्पर्श हजारात एकदा झाला असता तो शेजारी असल्यावर सारखा होतो, आणि सारखा होतो म्हणून त्याला काहीतरी वळण लागू शकतं. चाळीत दुसरं काय होतं? आम्ही आणि शेजारच्या काकू एकमेकींना निवडायला गेलो नव्हतो. भिंत एक होती. त्यांच्या खलबत्त्याचा आवाज आमच्याकडे यायचा आणि सकाळी सातला तो आला नाही तर आई डोकावून यायची, बरं आहे ना. काकूंनी काही खुणेसाठी वेलदोडे कुटायला घेतले नव्हते.

सगळ्या दुव्यांना काम मिळतं असंही नाही. खालच्या मजल्यावर संडासाचं दार आपटलं की आमच्या गॅलरीचा कठडा थरथरायचा, शेवटपर्यंत नुसता थरथरला. प्रोटीनांतही हे असं असतं, आणि काही जोडण्या तर काहीही कामाच्या नसून टिकून राहतात कारण त्या सोडवायला गेलं की बाकीचं बिघडतं. आणि उलट, एकच युक्ती वेगवेगळ्या घरांत वेगवेगळी लागलेली दिसते. लॅम्प्रे नावाचा बिनजबड्याचा मासा आहे, त्याच्या हिमोग्लोबिनच्या साखळ्या ऑक्सिजन मिळाला की सुट्या होतात आणि ऑक्सिजन संपला की एकत्र येतात, आपल्यापेक्षा अगदी वेगळ्या वाटेने त्यालाही घेणं-सोडणं जमलं. चाळीच्या मागच्या अंगणात पहिल्या पावसाला गांडुळं वर यायची, तात्यांची मुलं ती काडीवर उचलून आम्हाला घाबरवायची, त्या गांडुळाच्या रक्तात १४४ ग्लोबिन साखळ्यांचा एकच अवाढव्य रेणू असतो, आपला चारांचा आणि त्याचा १४४ चा, आणि त्यातल्या साखळ्यांनाही एकमेकींचं कळतं. मला तेव्हा माहीत असतं तर मी पळाले नसते, खाली बसून बघितलं असतं.

आता मला जे अवघड जातं ते. चरईची चाळ पाडली. रीडेव्हलपमेंट. सह्या आम्हीही केल्यात, आई स्वतः म्हणाली कर म्हणून, गुडघे दुखायचे तिचे, तो जिना तिला झेपत नव्हता, आणि छतातून माती पडायची. मी पाडताना बघायला गेले होते एकदा. जिना आधीच काढलेला होता, भिंतीवर फक्त पायऱ्यांच्या तिरक्या खुणा, आमच्या स्वयंपाकघराची पिवळी भिंत बाहेरून उघडी दिसत होती आणि त्यातून त्या तुळईचं टोक बाहेर आलेलं, काळं, आतून अजून चांगलं. मजूर पहारीने ती सैल करत होते. मी तिथे दहा मिनिटं थांबले असेन, मग राम मारुती रोडपर्यंत चालत आले आणि काय घ्यायचं होतं तेच आठवेना. बाबा २०१६ मध्ये गेले. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी, आईने हे मला खूप उशिरा सांगितलं, एका संध्याकाळी वाट्या वाजल्या, किण् आणि जरा थांबून परत किण्. तिने आधण ठेवलं. दोन कपांचं. मग दार वाजलं तर गॅस सिलेंडरवाला होता, पायरीवर सिलेंडर टेकवून दम घेऊन वर आला होता. "मग?" मी विचारलं. "मग काय, त्याला दिला चहा."

मी वर्गात सांगते की प्रोटीनला माणूस दिसत नाही, फक्त आकार आणि भार कळतो, त्या जागेत बसेल असं काहीही आलं तरी ते हलतं, आपली कितीतरी औषधं याच जोरावर चालतात. हे वाक्य मी त्यानंतर पूर्वीसारखं पटकन म्हणू शकलेले नाही.

आईने मांडणी नव्या घरात आणली. मॉड्युलर किचन आहे, तिची गरज नव्हती, तरी आणली आणि ओट्याच्या बाजूच्या भिंतीवर लावून घेतली, ड्रिलवाल्याला बोलावून. वाट्या त्याच, एकावर एक. काँक्रीटची भिंत आहे, चौदावा मजला आहे, ती कशानेही हलत नाही. मी एकदा कोणी बघत नाहीसं पाहून पॅसेजमध्ये जोरात पाय आपटून बघितला. काही नाही.

काल परत गेले होते. रिक्षा वाटेत अडकली, वर पोचायला साडेपाच झाले. बेल दाबणार तोच आईने दार उघडलं. मी बघतच राहिले. ती म्हणाली, "बाथरूमच्या खिडकीत ती एक्झॉस्टची प्लास्टिकची पट्टी आहे ना, या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं की फडफडते. बघ तू. वारा येतो की काय कोण जाणे." मी बघितलं. खरंच फडफडते. लिफ्ट परत वर आली तेव्हा परत फडफडली, दोनदा, पातळ कागद हलवल्यासारखी. "पण सगळ्यांचीच सारखी वाजते," आई म्हणाली, "अजून माणूस ओळखू येत नाही. मघाशी मला वाटलं तूच आलीस, चहा टाकला, तर समोरच्या ब्लॉकमधली ती नवीन मुलगी होती, गुजराती की कोण, चावी विसरली होती. बसली मग इथेच. छान आहे पोरगी. चहात आलं जास्त घालतात म्हणाली त्यांच्याकडे."

ओट्यावर दोन कप विसळून पालथे घातले होते. आईने तिसऱ्यांदा आधण ठेवलं.